उलट्या समुद्रतळाचा नकाशा: डोंगर परत परत खड्डे का दिसतात

समुद्राचा तळ उलटा करून जमीन म्हणून दाखवायचा, म्हणजे अरबी समुद्राचं पठार आणि सह्याद्रीची खोल दरी, असा नकाशा पायथॉनमध्ये करायला घेतला की कोडची पहिली ओळ सगळ्यांनाच माहीत असते, उंचीच्या आकड्यांना उणे एकने गुणा आणि झालं. मग चित्र निघतं आणि काहीतरी गडबड वाटते. जे पठार उंच दिसायला हवं ते खोलगट दिसतं, समुद्रातले पर्वत खड्डे व्हायला हवे होते ते अजून टेकड्यांसारखेच फुगलेले, मग कोणीतरी सांगतं कलरमॅप (उंचीला रंग देणारी पट्टी) उलटा कर, तो केला की रंग बरोबर पण सावल्या चुकीच्या, सावल्यांची दिशा बदलली की अजून तिसरंच काहीतरी. आणि पुढच्या वेळी नवीन भागाचा डेटा घेतला की तेच सगळं पहिल्यापासून.

हे परत परत होतं कारण या कामात उलटं होण्याच्या जागा एक नाही, चार आहेत. आकड्यांचं चिन्ह, डेटातल्या ओळींचा क्रम, उजेडाची दिशा आणि रंगांची पट्टी. यातल्या कुठल्याही दोन जागा एकाच वेळी उलट्या झाल्या की एकमेकींना खाऊन टाकतात आणि चित्र जवळपास बरोबर दिसतं, म्हणून चूक सापडत नाही. त्यामुळे अंदाजाने इकडे तिकडे उणे चिन्ह लावत बसू नका, एकेक जागा वेगळी तपासा.

उदाहरणासाठी अरबी समुद्रच घेऊ, शून्य ते २५ अंश उत्तर आणि ५० ते ७८ अंश पूर्व. डेटा जेब्कोचा, म्हणजे जगभरच्या समुद्रतळाच्या आणि जमिनीच्या उंचीच्या आकड्यांचा. १५ आर्क सेकंदांची (एका अंशात २४० सेल) ग्रिड, फुकट मिळते, आणि हवा तेवढाच चौकोन डाउनलोड करता येतो. हा चौकोन ६००० ओळी आणि ६७२० स्तंभांचा होतो, म्हणजे चार कोटींच्या आसपास सेल, फ्लोट३२ मध्ये (दर आकड्याला चार बाइट) साधारण १६० एमबी, कुठल्याही लॅपटॉपवर आरामात चालतं. अख्ख्या पृथ्वीची फाइल उघडून बसू नका, त्यात ३७३ कोटी सेल आहेत आणि दोन बाइटच्या इंट१६ चं आठ बाइटचं फ्लोट६४ झालं की ३० जीबी रॅम लागते. मशीन अडकलं, कर्नल मेलं, अशा बहुतेक तक्रारींचं कारण एवढंच असतं.

ओळींचा क्रम, सगळ्यात जास्त डोकं खाणारा

जेब्को दोन प्रकारच्या फाइल देतं. नेटसीडीएफ फाइलमध्ये अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातात, म्हणजे ॲरेची (आकड्यांच्या तक्त्याची) पहिली ओळ सगळ्यात दक्षिणेची. जिओटिफ घेतलंत तर उलट, पहिली ओळ उत्तरेची. आता चित्रं काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबचं लाइटसोर्स नावाचं जे हिलशेड (उतारांवरची उजेड-सावली) करणारं साधन आहे ते गृहीत धरतं की पहिली ओळ वरची, उत्तरेची. तुम्ही नेटसीडीएफमधला ॲरे तसाच त्याला दिला आणि चित्र काढताना ओरिजिन लोअर (पहिली ओळ खाली) लावलं तर नकाशा दिसायला सरळ येतो, किनारा जागेवर, मुंबई जागेवर, कोणालाही शंका येत नाही, पण उजेड ३१५ अंशांवरून म्हणजे वायव्येकडून यायच्या ऐवजी २२५ अंशांवरून, नैर्ऋत्येकडून येतो. आणि आपल्या डोळ्यांची खोड अशी की उजेड वरून येतोय असंच ते धरून चालतात. खालून उजेड आला की डोंगराचा खड्डा आणि खड्ड्याचा डोंगर दिसायला लागतो. उपग्रहाच्या फोटोत सह्याद्रीच्या दऱ्या कधी कधी उंच रांगांसारख्या दिसतात ते यामुळेच, कारण आपल्याकडे वर्षातला बराच काळ सकाळचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो.

साध्या नकाशात हे लगेच कळतं कारण डोंगर कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. उलट्या नकाशात मात्र सगळंच अनोळखी, डोळ्याला आधार द्यायला काही नाही, त्यामुळे तुम्ही उणे एक दोनदा लावून बघता आणि जे बरं दिसेल ते ठेवता. इथेच फसायला होतं.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळा. एक्सॲरेमध्ये (अक्षांश-रेखांशासकट डेटा हाताळणारी पायथॉनची लायब्ररी) आधी चौकोन कापा, मग अक्षांशावर सॉर्टबाय करून उतरता क्रम लावा, आणि मग सगळीकडे ओरिजिन अप्पर (पहिली ओळ वर) ठेवा. आधी सॉर्ट आणि मग कापायला गेलात तर स्लाइस ० ते २५ असा दिल्यावर काहीच मिळत नाही, शून्य ओळींचा ॲरे येतो, कारण उतरत्या क्रमात स्लाइसही २५ ते ० असा द्यावा लागतो. एरर येत नाही, नुसतं रिकामं चित्र, आणि माणूस डेटा खराब आहे म्हणून परत डाउनलोड करत बसतो.

सावली बरोबर आहे की नाही हे नजरेने ठरवू नका

यासाठी एक पक्की टेस्ट आहे. जमीन उलटी केली की प्रत्येक उताराचं तोंड बरोबर १८० अंशांनी फिरतं, म्हणून उलट्या जमिनीवर ३१५ अंशांवरून टाकलेला उजेड आणि मूळ जमिनीवर १३५ अंशांवरून टाकलेला उजेड, दोन्हीची हिलशेड तंतोतंत सारखी यायला पाहिजे. दोन्ही ॲरे काढा, वजाबाकी करा, सगळीकडे शून्य किंवा शून्याला चिकटून काहीतरी आलं की तुमचं उणे चिन्ह एकदाच आणि बरोबर जागी लागलंय. नाही आलं तर कुठेतरी मूळ आणि उलटा डेटा एकमेकांत मिसळलाय, बहुतेक वेळा हिलशेड जुन्या डेटावरून काढलेली आणि रंग नव्या डेटाचे. हिलशेड नेहमी उलटं केल्यानंतर काढायची. आधीची सेव्ह केलेली फाइल कामाची नाही.

ही टेस्ट ओळींचा क्रम पकडत नाही हं, दोन्हीकडे तीच चूक असेल तर वजाबाकी शून्यच येणार. त्यासाठी वेगळं करा, २०० बाय २०० चा एक साधा शंकू नमपायमध्ये तयार करा, त्याला चढते अक्षांश द्या आणि तुमच्या त्याच कोडमधून उलटा न करता जाऊ द्या. शंकूची वरची डावी बाजू उजळ दिसली पाहिजे. खालची डावी उजळली तर क्रम चुकलाय. दोन मिनिटांचं काम आहे पण नवीन डेटा आला की दर वेळी करा.

सगळं काळंपांढरं आणि खरखरीत

हे उलटण्याचं दुखणं नाही, एककांचं आहे. उंची मीटरमध्ये आणि सेलमधलं अंतर अंशांमध्ये, किंवा काहीच न सांगितल्यामुळे एक धरलेलं. मग ५० मीटरचा चढ एका मीटरात चढलाय असं कोडला वाटतं. १५ आर्क सेकंद म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ४६३ मीटर. पूर्व-पश्चिम अंतर अक्षांशाप्रमाणे कमी होतं, मुंबईच्या आसपास ४३८ मीटर. लाइटसोर्सला डीएक्स (पूर्व-पश्चिम) आणि डीवाय (उत्तर-दक्षिण) म्हणून हे आकडे द्या. जीडॅल या नकाशाच्या फाइल हाताळणाऱ्या साधनाचं हिलशेड वापरत असाल तर स्केलला १११,१२० (एका अंशातले मीटर) द्यायचं असतं. चौकोन मोठा असेल तर सरळ समक्षेत्र प्रोजेक्शनमध्ये नेऊन काम करा, कटकट नको.

उंचीचा अतिरेक, म्हणजे चढ-उतार दिसावेत म्हणून उंची किती पट वाढवायची, हा मात्र खरा अवघड प्रश्न आहे. खोल समुद्रातली मैदानं इतकी सपाट असतात की उतार हजारात एकपेक्षाही कमी. ती दिसावीत म्हणून अतिरेक वाढवला की खंडाचा उतार, म्हणजे उथळ समुद्र संपून तळ जिथे खोल जातो तो भाग, भिंत होतो. माझं मत, एकाच हिलशेडमध्ये दोन्ही बसवायचा हट्ट सोडा. एक हिलशेड मूळ डेटावरून कमी अतिरेकाने, दुसरी गॉशियन फिल्टरने बऱ्यापैकी मऊ केलेल्या डेटावरून जास्त अतिरेकाने, आणि दोन्ही मिसळा. सिंधूच्या गाळाचा जो प्रचंड पंखा अरबी समुद्रात पसरलाय तो यानेच दिसतो, नाहीतर तिथे नुसता रंगाचा सपाट डाग येतो.

किनाऱ्याला किंवा नकाशाच्या कडेला आकाशाला भिडणारी भिंत

हा नो डेटाचा, म्हणजे रिकाम्या सेलमध्ये खूण म्हणून भरलेल्या आकड्याचा घोळ. मूळ जेब्कोत रिकामे सेल नसतात, पण तुम्ही प्रोजेक्शन बदललं की कडांना कोपरे रिकामे पडतात आणि तिथे −३२७६७ किंवा −३२७६८ भरलं जातं. उणे एकने गुणलं की −३२७६७ चे +३२७६७ होतात, म्हणजे एव्हरेस्टच्या जवळजवळ चौपट उंच भिंत. वर फाइलच्या माहितीत नो डेटा अजून −३२७६७ असंच लिहिलेलं, त्यामुळे कुठलंच सॉफ्टवेअर ती भिंत ओळखून काढून टाकत नाही. −३२७६८ ची तऱ्हा अजून वेगळी, इंट१६ मध्ये +३२७६८ बसतच नाही, म्हणून उणे लावूनही तो आकडा आहे तसाच राहतो.

म्हणून क्रम असा, आधी फ्लोट३२ करा, मग नो डेटाचं नॅन (आकडाच नाही अशी खूण) करा, आणि त्यानंतरच उलटं करा. प्रोजेक्शन बदलताना जीडॅलला नो डेटा कोणता ते स्पष्ट सांगा, नाहीतर बायलिनिअर पद्धतीने (शेजारच्या सेलवरून नवा आकडा काढताना) कडेचे खरे आकडे आणि −३२७६७ यांची सरासरी निघते, −१५ हजार वगैरे असले आकडे पडतात आणि ते मग कुठल्याच फिल्टरमध्ये सापडत नाहीत. पृथ्वीवर ११ हजार मीटरपेक्षा खोल काही नाही, तेव्हा उलटं केल्यावर कमाल आकडा त्याच्या वर गेला तर पुढे जायचंच नाही, तिथेच थांबून बघा.

रंग लावले आणि अख्खा समुद्र एकाच रंगाचा

आधी हे बघा की डेटाही उलटा आणि कलरमॅपच्या नावापुढे उलटं करणारं अंडरस्कोर आरही, असं दोन्ही तर नाही ना. फार जण हे करतात आणि मग नवी जमीन निळी दिसते.

ते ठीक असेल तर मग कारण पृथ्वीच्या स्वभावात आहे. उंचीचे आकडे सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत, त्यांचे दोन गठ्ठे आहेत, एक समुद्रसपाटीच्या थोडा वर आणि दुसरा चार-साडेचार हजार मीटर खोलीच्या आसपास, मधे तुलनेने कमी. शून्य ते ११ हजार असा सरळ रंगपट्टा लावला की अरबी समुद्राचा बहुतेक भाग पट्ट्याच्या मधल्या एका छोट्या तुकड्यात येऊन बसतो. इथे टप्पे हाताने द्या. मी ० ते २०० मीटरमध्येच तीन-चार रंग खर्च करायला सांगेन, कारण आपल्या किनाऱ्याची सगळी मजा तिथे आहे. मुंबई आणि खंभातच्या समोर उथळ समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे आणि दक्षिणेकडे जाताना तो अरुंद होत जातो. उलटा केला की हा भाग एक मोठं सखल किनारी मैदान होतं, मुंबई हाय जिथे आहे ती जागा त्या मैदानात समुद्रसपाटीपासून अवघ्या ७५ मीटरच्या आसपास उंचीवर, आणि मग मैदान संपतं तिथून एकदम चढण, वर तीन-चार हजार मीटरचं पठार. हे एवढं रंगात दिसलं नाही तर नकाशा कशाला काढला. पुढे १०००, २०००, ३००० आणि तीन हजाराच्या वर परत बारीक टप्पे, दर २५० मीटरला एक. पाण्याखाली गेलेल्या जुन्या जमिनीसाठी वेगळी पट्टी ठेवा, पुणे साधारण ५६० मीटर खोल आणि महाराष्ट्रातला सगळ्यात खोल बिंदू कळसूबाई, १६४६ मीटर.

खाड्या आणि दलदलीच्या भागात शून्याच्या आसपास एक-दोन मीटरचा गोंधळ असतो, तिथे पाणी आणि जमिनीचे ठिपके ठिपके दिसतात. सायकिट-इमेज या पायथॉन लायब्ररीतलं लहान तुकडे काढून टाकणारं फंक्शन पाण्याच्या मास्कवर (पाणी कुठे, जमीन कुठे हे सांगणाऱ्या ॲरेवर) चालवा, बस.

रामन, पणिक्कर आणि वाडिया गायब

उलट्या नकाशावर नद्या काढणं हा या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. पाणी कुठून कुठे वाहील हे काढायची नेहमीची पद्धत म्हणजे आधी खळगे भरा, मग प्रवाहाची दिशा, मग किती सेलचं पाणी कुठे जमतं ते मोजा. साध्या जमिनीवर खळगे म्हणजे बहुतेक डेटातल्या चुका, भरून टाकले तरी चालतं. पण मोदकाचा साचा बघा, मोदकाचं टोक साच्यात सगळ्यात खोल असतं. समुद्रातला प्रत्येक पर्वत उलटा झाला की चारी बाजूंनी बंद खळगा होतो. खळगे भरणारं फंक्शन चालवलं की ते सगळे इमानदारीत बुजवले जातात.

लक्ष्मी खोऱ्यात, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून पुढे खोल समुद्रात, तीन समुद्री पर्वत रांगेत आहेत, रामन, पणिक्कर आणि वाडिया. सी. व्ही. रामन, भूवैज्ञानिक डी. एन. वाडिया, आणि गोव्यात दोना पावलाला जी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे तिचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर यांची ती नावं. अरबी समुद्राच्या नकाशातून हेच तिघं बुजवून टाकणं मला तरी सहन होत नाही. उलट्या नकाशात ते तीन खोल सरोवरं म्हणून दिसायला हवेत.

तर असं करा. खळगे भरा, पण भरलेला डेटा वेगळ्या ॲरेत ठेवा. भरलेल्यातून मूळ उलटा डेटा वजा केला की प्रत्येक खळग्याची खोली मिळते. खोली आणि क्षेत्रफळ दोन्ही ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी असतील तर ते सरोवर, त्याला निळा रंग द्या, आणि बाकीचे बारीक खळगे डेटाचा गोंगाट समजून बुजलेले राहू द्या. नद्यांची दिशा भरलेल्या डेटावरून काढा म्हणजे सरोवर काठोकाठ भरून नदी पुढे वाहते, पण हिलशेड आणि रंग मूळ उलट्या डेटावरून. मर्यादा किती ते तुमच्या नकाशाच्या मापावर ठरेल, ५० मीटर खोली आणि शंभरेक सेल यापासून सुरुवात करून बघा.

सपाट पठारावर नद्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ आणि एकमेकींना समांतर दिसतात, कारण उतारच नाही आणि प्रोग्राम आठ दिशांपैकी एक धरून चालत राहतो. दिशा काढण्यापुरता डेटात अगदी थोडा यादृच्छिक गोंगाट मिसळला, मीटर-दोन मीटरचा, की वळणं येतात. हे शुद्ध कलेचं काम आहे, विज्ञान नाही, आणि कल्पनेतल्या नकाशात त्याला पूर्ण परवानगी आहे.

मध्यसागरी रांगा, म्हणजे महासागरांच्या तळावरून जाणाऱ्या पर्वतरांगा, उलट्या झाल्या की लांबच लांब दऱ्या होतात आणि मोठ्या नद्या आपोआप तिथे जमतात. अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग रांगेकडे जरा निरखून बघा. इथे समुद्रतळ हळू फाकत असल्यामुळे तिच्या माथ्यावर मधोमध एक खाच आहे. उलटं केल्यावर रांगेची दरी होते आणि त्या खाचेची दरीच्या तळाशी उभी असलेली बारीक डोंगरधार. नदी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहते. ही धार बघून बरेच जण डेटा खराब समजतात आणि फिल्टर लावून घासून टाकतात. नका करू, ती खरी आहे.

मग खोटं काय आहे

सरळ रेषेत जाणारे ओरखडे, दोरा टाकल्यासारखे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मऊ गुळगुळीत प्रदेश. ते जहाजांचे मार्ग आहेत. जगाच्या समुद्रतळाचा जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष मोजलाय, बाकीचा मुख्यतः उपग्रहाने मोजलेल्या गुरुत्वाकर्षणावरून काढलेला अंदाज. जहाज गेलं त्या पट्ट्यात बारीक तपशील, बाजूला नाही. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात एमएच३७० विमानाच्या शोधासाठी मोजलेला पट्टा तर कोणत्याही हिलशेडमध्ये चटकन उठून दिसतो. उलट्या नकाशात हे ओरखडे कालव्यांसारखे दिसतात आणि नद्या नेमक्या त्यात शिरून सरळ वाहायला लागतात.

जेब्कोसोबत टीआयडी नावाची दुसरी ग्रिड मिळते, तीही घ्याच. प्रत्येक सेलचा आकडा कुठून आला ते तिच्यात लिहिलेलं असतं, ११ म्हणजे मल्टिबीमने (जहाजावरून एका वेळी रुंद पट्टा मोजणाऱ्या ध्वनियंत्राने) मोजलेलं, १० म्हणजे सिंगलबीम (जहाजाच्या खालची फक्त एक रेघ), ४० म्हणजे गुरुत्वाकर्षणावरून अंदाज. ११ आहे तिथे हात लावू नका. ४० आणि १० जिथे शेजारी शेजारी आहेत तिथे गॉशियन फिल्टर लावा आणि त्याची कड हळूहळू विरत जाईल अशी ठेवा. सगळ्या नकाशावर एकच फिल्टर फिरवलात तर कार्ल्सबर्गची धार जाईल आणि ओरखडे तरी पूर्ण जाणार नाहीत.

समुद्रसपाटी शून्यावरच हवी का

हे बिघाडात मोडत नाही पण नकाशा नुसता रंग बदलल्यासारखा दिसतो, उलटा वाटतच नाही, ही तक्रार याच कारणाने येते. शून्य पातळी तशीच ठेवली की नवा किनारा आणि जुना किनारा एकच, भारताचा आकार जसाच्या तसा. आता गणित करून बघा, जमीन सुमारे १५ कोटी चौरस किलोमीटर, सरासरी उंची ८०० मीटरच्या आसपास, म्हणजे उलट्या खंडांच्या खोलगटात साधारण १२ कोटी घनकिलोमीटर पाणी मावेल. खऱ्या महासागरात १३३ कोटी घनकिलोमीटरच्या आसपास पाणी आहे. दहावा हिस्साही बसत नाही, उरलेलं सगळं नव्या जमिनीवर चढणार. पाणी तेवढंच ठेवायचं ठरवलं तर पातळी वर नेत नेत जायची आणि दर पातळीला घनफळ मोजायचं, मोजताना प्रत्येक सेलला अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्या, नाहीतर ध्रुवाजवळचे सेल भलतंच पाणी पितात. यासाठी जगाचा डेटा लागतो पण १५ सेकंदांचा नको, बराच जाडा केलेला चालतो. जगाचा नकाशा असेल तर अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडसाठी बर्फाखालच्या जमिनीची आवृत्ती निवडा, नाहीतर बर्फाची जाडीसुद्धा समुद्राची खोली म्हणून मोजली जाते. पातळी वर गेली की किनारे इतके अनोळखी होतात की बघतच राहावं, मला हीच आवृत्ती जास्त आवडते.

ब्लेंडरमध्ये (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) नेल्यावर किनाऱ्याला सुया

१६ बिट पीएनजी करताना उणे आकडे थेट अनसाइन्ड (उणे चिन्ह नसलेल्या) प्रकारात ढकलले की −१ चे ६५५३५ होतात, म्हणून जिथे पाणी सुरू होतं नेमक्या तिथेच सुया उभ्या राहतात. आधी किमान आकडा वजा करा, मग कमाल-किमान फरकाने भागून ६५५३५ ने गुणा, मग प्रकार बदला. ८ बिट वापरूच नका, २५६ पायऱ्यांत पाच हजार मीटर बसवले की दर २० मीटरला एक पायरी पडते आणि सपाट पठारावर भातखाचरं दिसतात. आणि टेक्श्चर जोडताना कलर स्पेस नॉन-कलर ठेवा, एसआरजीबी राहिलं तर उंचीचे आकडेच वाकतात आणि सखल मैदान अजून चपटं होतं.